स्पेनमधल्या रात्री : न नाचणाऱ्यांनी काय करावं?

नाशिकचा_वाटसरू
मंडळी, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही दोघं स्पेनला निघालोय. आधी माद्रिद, मग कोर्दोबा, सेव्हिल, ग्रानाडा आणि शेवटी बार्सिलोना. तिकिटं झाली, व्हिसा झाला. अडचण वेगळीच आहे. ज्याला सांगावं तो डोळा मिचकावून म्हणतो, "वा, स्पेन म्हणजे नाइटलाइफ!" आमची दोघांचीही पन्नाशी उलटलेली. मी अधूनमधून बिअर घेतो, ही घेत नाही. ही अंडं खाते, मासे-मटण नाही. डिस्कोत जाऊन आम्ही काय दिवे लावणार? पण सातला जेवून हॉटेलच्या खोलीत टीव्ही बघायचा असेल तर एवढा खर्च करून जायचं तरी कशाला? यूट्यूबवर पाहिलं तर सगळं पंचविशीतल्या पोरांसाठी, नाहीतर टूर कंपनीच्या बसमधल्यांसाठी. मधल्यांनी काय करावं, ते जाणकारांनी सांगावं.

माद्रिदची_मीनल
काका, पहिली गोष्ट, सातला तुम्हाला जेवण मिळणारच नाही. :) इथे दुपारचं जेवण दोन ते चार, मग स्वयंपाकघर बंद, ते साडेआठ-नऊला उघडतं. साडेसातला उघडं दिसेल ते बहुतेक पर्यटकांसाठीचं, आणि फळ्यावर पाएया या भाताच्या पदार्थाचे फोटो असले की समजून जायचं.

हा उशीर निव्वळ हौसेचा नाही. नकाशात स्पेन लंडनच्या रेषेत आहे, बहुतेक भाग तर त्याच्याही पश्चिमेला. पण १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं एक तास पुढे केली गेली, जर्मनीच्या वेळेला जुळवून, आणि ती पुन्हा मागे आलीच नाहीत. म्हणून तुम्ही याल तेव्हा माद्रिदला सकाळी आठच्या पुढे उजाडेल आणि सूर्य मावळायला पावणेआठ-आठ होतील. भारतातल्या सवयीने सहाला उठून बसलात तर दोन तास अंधारात काढाल आणि रात्री नऊला, ऐन रंगात आलेल्या वेळी, पेंगायला लागाल.

दुसरी गोष्ट, नाइटलाइफ म्हणजे क्लब हे डोक्यातून काढा. इथली रात्र चौकात असते. अकरा वाजता चौकात पोरं फुटबॉल खेळतायत, बाकावर आज्या बसल्यात, आईबाप शेजारच्या टेबलावर गप्पा मारतायत, हे अगदी साधं दृश्य आहे. कुणी दारू पिऊन झिंगलेलं नसतं. एक छोटी बिअर घेऊन लोक तासभर उभ्याने बोलतात. तुम्ही त्यात सहज खपून जाल.

माद्रिदमध्ये ला लातिना भागात कावा बाखा नावाची गल्ली आहे. एका बारमध्ये एकच पदार्थ खायचा, बिल चुकतं करायचं आणि पुढच्या दारात शिरायचं. बसायला जागा शोधत बसू नका, काउंटरपाशी उभं राहण्यातच मजा आहे आणि बाहेरच्या टेबलांवर पुष्कळ ठिकाणी दरही जास्त असतो. काकूंसाठी मोस्तो मागवा. द्राक्षांचा रस, दारू नाही, वाइनसारखाच ग्लासात येतो, वर ऑलिव्ह. आणि बिनअल्कोहोलची बिअर तर इथे कोपऱ्यावरच्या बारमध्येही मिळते, मागितली म्हणून कुणी वळूनही बघत नाही.

रविवार माद्रिदमध्ये येत असेल तर सकाळी एल रास्त्रोचा जुना बाजार आणि दुपारी जेवणाआधी ला लातिनात वेर्मुतची, म्हणजे मसालेदार वाइनची, वेळ. पाकीट पुढच्या खिशात.

रोखठोक
मीनलताईंनी फारच सात्त्विक चित्र रंगवलंय. मी माझ्या मित्रांबरोबर गेलो होतो, वय वर्षं तीसच्या आसपास, त्यामुळे दुसरी बाजू लिहितो. धागा इतरही वाचतात.

क्लबमध्ये एकच्या आधी गेलात तर वेटर आणि तुम्ही एवढेच. गर्दी दोननंतर होते, सहाला दिवे लागतात. दाराशी तिकीट असतं आणि त्यात बहुतेक वेळा एक ड्रिंक धरलेलं असतं. चप्पल-बर्म्युडावर परत पाठवतात. माद्रिदची मेट्रो रात्री दीडच्या सुमाराला बंद होते, मग सिबेलेसच्या चौकातून रात्रीच्या बस सुटतात. बार्सिलोनात शनिवारी मेट्रो रात्रभर चालते, त्यामुळे शनिवार तिथे ठेवा. रस्त्यावर बाटली घेऊन बसू नका, सगळे बसलेले दिसले तरी. दंड होतो आणि तो हसण्यावारी नेण्याइतका नसतो.

माद्रिदचं मालासान्या हे माझं आवडतं. फ्रँको गेल्यावर ऐंशीच्या दशकात माद्रिदच्या पोरांनी जो धुमाकूळ घातला, संगीत, कपडे, सिनेमे, सगळंच, ती 'मोविदा' याच गल्ल्यांत झाली. आता तिथे महागडी कॉफी मिळते, पण रात्री बारानंतर जुनी नशा थोडीशी शिल्लक आहे. आणि काका, पहाटे क्लबमधून निघणारी पोरं जिथे जातात तिथे तुम्हीही जाऊ शकता. सान खिनेस, १८९४ पासूनची चुरोस (पिठाच्या तळलेल्या कांड्या) आणि चॉकलेटची जागा, जवळजवळ चोवीस तास उघडी. चॉकलेट प्यायचं नसतं, बुडवायचं असतं. चमचा उभा राहील इतकं दाट.

नाशिकचा_वाटसरू
मीनल, रोखठोक, दोघांचे आभार. मोस्तो हा शब्द हिने डायरीत लिहून घेतलाय. फ्लेमेंकोचं, म्हणजे तिथल्या त्या गाण्या-नाचाचं, कोणी सांगेल का? हॉटेलवाले जेवणासकट शो विकतायत, भाव बघून डोळे पांढरे झाले.

तोडी
जेवणासकट शो घेऊ नका. काटे-चमच्यांच्या आवाजात नाच बघणं म्हणजे दोन्हींचा अपमान. सेव्हिलला छोट्या जागा आहेत, शे-सव्वाशे खुर्च्या, माइक नाही, तासाभराचा कार्यक्रम. कासा दे ला मेमोरिया किंवा क्रिस्तिना ओयोस या नर्तकीने उभारलेलं फ्लेमेंको नृत्याचं संग्रहालय, दोन्हीकडे संध्याकाळी कार्यक्रम असतात. पहिल्या रांगेची तिकिटं मिळाली तर पाय दिसतात, आणि पायच बघायचे असतात.

मी बरीच वर्षं कथक शिकले म्हणून थोडं तालाबद्दल लिहिते, धागा भरकटला तर माफ करा. सोलेआ नावाचा जो गंभीर प्रकार आहे तो बारा मात्रांचा. ऐकल्याबरोबर माझा हात एकतालाच्या टाळीला गेला आणि चुकला. एकतालात दोन-दोनचे सहा विभाग, इथे जोर पडतो तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर. म्हणजे आधी तीन-तीनची चाल, मग अचानक दोन-दोनची. आपले कान पहिल्या मात्रेवर समेची वाट बघतात आणि नर्तकी दहाव्या मात्रेवर पाय आपटून मोकळी होते, अकरा-बारा नुसत्या हवेत. पहिल्या कार्यक्रमात मी सगळा वेळ चुकीच्या जागी मान हलवत होते. म्हणून सांगते, प्रेक्षकांत बसून टाळ्यांचा ठेका धरू नका. ते टाळ्या वाजवणारे स्वतंत्र कलाकार असतात, त्यांना पाल्मेरो म्हणतात, आणि त्यांच्या दोन टाळ्यांच्या मधल्या जागेत दुसरा टाळी देतो. दाद द्यायची तर तोंडाने, 'ओले', तीही जागा बघून.

कथकातून फ्लेमेंको जन्मलं असे फॉरवर्ड फिरतात, ते बाजूला ठेवा. हितानो, म्हणजे स्पेनमधले रोमा (जिप्सी), यांचे पूर्वज भारताच्या वायव्य भागातून निघाले हे भाषेवरून आणि जनुकांवरून पक्कं आहे. पण ते पंधराव्या शतकात स्पेनला पोचले तेव्हा वाटेत कित्येक शतकं गेली होती, आणि फ्लेमेंको घडलं ते दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात, स्थानिक लोकगीतं, मुसलमानी आणि ज्यू वारसा आणि रोमांचं गाणं यांच्या मिसळणीतून. ज्या लोकांनी ते घडवलं त्यांच्यावर स्पेनने काय केलं तेही माहीत असावं. १७४९ मध्ये राजाज्ञेने देशभरातल्या रोमांची एकाच वेळी धरपकड झाली, पुरुष एकीकडे, बायका-मुलं दुसरीकडे, वंशच वाढू नये म्हणून. सोलेआ ऐकताना आवाज एवढा फाटलेला का, असं वाटलं तर ही गोष्ट आठवा. २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत फ्लेमेंको गेलं, बरं झालं.

ग्रानाडाला साक्रोमोन्तेच्या टेकडीवर गुहांमध्ये कार्यक्रम होतात. तिथला काही भाग निव्वळ पर्यटकी आहे, पण एका चुना फासलेल्या गुहेत हातभर अंतरावरून नाच बघणं मला तरी आवडलं.

खादाडखाऊ
काकूंच्या पोटाची जबाबदारी माझी.

'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर सॅलडवर ट्यूना आला तर दचकू नका, बऱ्याच जणांच्या लेखी ट्यूना आणि हॅम म्हणजे चवीपुरतं. 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन' हे तिन्ही म्हणा: मटण नको, मासे नको, हॅम नको. एवढं म्हटलं की माणसं मनापासून मदत करतात.

सेव्हिलला एस्पिनाकास कोन गार्बांथोस शोधा. पालक आणि काबुली चणे, जिरं-लसूण घालून, वर तळलेला पाव. आपल्या तोंडाला लगेच ओळखीचं लागतं. कोर्दोबाला वांग्याचे तळलेले काप उसाच्या काकवीत, बेरेन्खेनास कोन मिएल. तिथलंच सालमोरेखो, टोमॅटो-पाव-ऑलिव्ह तेलाचं गार दाट सार, पण त्यावर हॅम भुरभुरतात, तो आधीच नको सांगा. तोर्तिया तर सगळीकडे, बटाटा-अंड्याची जाड वडी, कांद्यासह की कांद्याविना यावरून तिथे घरं फुटतात. क्रोकेतासपासून सावध, बाहेरून बटाटेवड्याचे भाऊ दिसतात, आत हॅम. मान्तेकादो, पोल्वोरोन या मिठायांत डुकराची चरबी असते, बॉक्स सुंदर असला तरी घरी आणू नका, नंतर कटकट.

दुपारी मेनू देल दीआ घ्या. दोन पदार्थ, पाव, पेय, गोड किंवा कॉफी मिळून साधारण १३ ते १६ युरोत पोट भरतं. रात्री मग नुसते तापास, म्हणजे छोट्या बशीतले पदार्थ. आणि ग्रानाडात अजूनही पेय मागवलं की तापा फुकट येतो, मोस्तोवरही येतो. फक्त तो काय असेल हे बारवाला ठरवतो, म्हणून आधी सांगा.

गडकोट_भटक्या
खाणंपिणं चालू द्या, अलहाम्ब्राची, म्हणजे ग्रानाडातल्या सुलतानांच्या किल्ल्या-महालांची, तिकिटं काढलीत का? नसतील तर हा प्रतिसाद वाचायच्या आधी काढा. त्यातल्या नास्रिद घराण्याच्या महालांत शिरायची वेळ तिकिटावर ठरलेली असते, ती चुकली की चुकली. तिकीट नावावर असतं, पासपोर्ट जवळ हवा.

तुमचा प्रश्न रात्रीचा आहे म्हणून मुद्दाम लिहितोय: नास्रिद महाल रात्रीही बघता येतात. १४ ऑक्टोबरपर्यंत मंगळवार ते शनिवार रात्री दहाच्या सुमारास, त्यानंतर थंडीत फक्त शुक्रवार-शनिवारी आणि लवकर. त्या तिकिटात किल्ला आणि बागा येत नाहीत, म्हणून शक्य असेल तर दिवसाचं वेगळं काढा. माझं मत विचाराल तर दोन्ही करा. दिवसा भिंतीवरचं नक्षीकाम आणि कोरलेले शब्द दिसतात, रात्री पाणी कळतं. दार्रो नदीचं पाणी मैलोन्‌मैल पाटाने टेकडीवर चढवलंय, नुसत्या उताराच्या हिशेबावर. बारा सिंहांच्या कारंज्यापाशी गर्दी कमी असली की चारही दिशांनी दालनांत शिरणाऱ्या पन्हळींचा आवाज वेगवेगळा ऐकू येतो. १४९२ च्या जानेवारीत शेवटचा सुलतान या महालाच्या किल्ल्या देऊन निघून गेला. जिंकणाऱ्या राजा-राणीने तो पाडला नाही हे नवल. त्यांच्या नातवाने मात्र शेजारी स्वतःचा चौकोनी दगडी राजवाडा आणून बसवला. आतलं अंगण गोल आहे, एकट्याने उभा असता तर मी त्याचं कौतुक केलं असतं.

कोर्दोबाची मशीद सकाळी साडेआठ ते साडेनऊ, सोमवार ते शनिवार, फुकट असते. पैशासाठी नव्हे, शांततेसाठी जा. ७८५ मध्ये सुरू झालेलं बांधकाम, आज ८५६ खांब, लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी, आणि मधोमध सोळाव्या शतकात घुसवलेलं अख्खं कॅथेड्रल. त्या वेळी शहराच्या कारभाऱ्यांनीच त्याला विरोध केला होता. माद्रिद-सेव्हिल वेगवान गाडी वाटेत कोर्दोबाला थांबते. हा मार्ग स्पेनमधला पहिला, १९९२ चा. स्टेशनवर बॅगा एक्सरेतून जातात, अर्धा तास आधी पोचा.

सेव्हिलच्या हिराल्दा मनोऱ्यावर गुडघे दुखतात म्हणून जायचं टाळू नका. आत जिने नाहीत, उतारांच्या रांगा आहेत, अजान देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून. शेवटी थोड्या पायऱ्या आहेत तेवढ्याच.

मांडवीकाठी
स्पेनचा विषय निघालाय तर गोंयकार म्हणून एक भर घालते. तुमच्या मार्गात नाही, पण पुढे कधी कोणी उत्तरेला गेलं तर. पांप्लोनापासून पन्नासेक किलोमीटरवर हाव्हिएर नावाचा छोटा किल्ला आहे. आमचा गोंयचो सायब, सेंट फ्रान्सिस झेवियर, १५०६ मध्ये तिथे जन्मला. 'झेवियर' हे आडनाव म्हणजे हे गावच. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात लहानपणापासून ज्यांच्यापुढे मेणबत्ती लावली, त्यांच्या घराच्या अंगणात उभं राहताना काय वाटलं ते मला नीट लिहिता येणार नाही. मार्चमध्ये आसपासच्या नाव्हारा प्रांतातून लोक पायी तिथे येतात. मी गोव्याहून आलेय म्हटल्यावर तिकीटखिडकीवरच्या बाई उठून बाहेरच आल्या.

रोखठोक
पांप्लोना म्हणजे बैलांपुढे धावणाऱ्यांचं गाव, तो विषय निघालाच आहे तर, माणूस-बैलाची झुंज बघायची असेल तर माद्रिदला लास व्हेन्तास…

तोडी
नको. सहा बैल एका संध्याकाळी मारले जातात, तेही हळूहळू. याला संस्कृती म्हणायचं तर म्हणा, तिकीट काढायची गरज नाही.

रोखठोक
मग बैलगाडा शर्यतीचं काय? तिथे आपण परंपरा म्हणून कोर्टात भांडलो.

तोडी
शर्यत संपल्यावर बैल गोठ्यात परत जातो.

गडकोट_भटक्या
स्पेनमध्येही यावर एकमत नाही. कातालोनियाच्या, म्हणजे बार्सिलोना ज्यात येतं त्या प्रांताच्या, विधिमंडळाने २०१० मध्ये बंदी घातली, २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली, तरी तिथे झुंजी काही परतल्या नाहीत. इथेच थांबूया का?

सागरफेणी
बार्सिलोनात राहते. झुंजींवरून आठवलं, आमच्या जवळच्या तार्रागोनात जुनं झुंजीचं रिंगण आहे, आता वर छत घातलंय. तिथे सम वर्षांत ऑक्टोबरच्या सुरुवातीला कास्तेल्सची स्पर्धा होते, म्हणजे मानवी मनोरे. आपल्या गोविंदांनी बघायला हवी अशी गोष्ट! खाली शेकडो लोकांचा घट्ट वेढा, वर थरावर थर, आणि सगळ्यात वर हेल्मेट घातलेलं सहा-सात वर्षांचं पोर, ते हात वर करतं तेव्हा मनोरा पुरा. पण हंडी फोडून उड्या मारण्याची सोय नाही. मनोरा न पडता, थर-थर करून उतरवला तरच पूर्ण गुण. उतरताना जी शांतता पसरते ती बघण्यासारखी. बार्सिलोनाहून रेल्वेने साधारण तासाभरात पोचता. विषम वर्ष असेल तरी शरदात रविवारी गावोगावच्या चौकांत हे चालू असतं.

साग्रादा फामिलिया या चर्चचं तिकीट दुपारी उशिराचं घ्या. पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या, पश्चिमेकडच्या लाल-केशरी. उतरत्या उन्हात अख्खं देऊळ आतून पेटल्यासारखं होतं.

आता नाराजीचं. ला राम्ब्ला या गर्दीच्या रस्त्यावर फोन टेबलावर ठेवून जेवू नका. आणि शक्य असेल तर राहत्या इमारतीतला पर्यटकी फ्लॅट न घेता हॉटेल घ्या. भाडी इतकी चढलीत की माझ्या इमारतीतली निम्मी जुनी माणसं गावाबाहेर गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात लोकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, ते भारतात विनोद म्हणून फिरलं. इथे कुणाला हसू आलं नाही. रात्री गल्लीत बॅगेची चाकं खडखडवत मोठ्याने बोलत गेलं की वरच्या मजल्यावर कुणालातरी सकाळच्या पाळीला उठायचं असतं.

नाशिकचा_वाटसरू
सर्वांचे मनापासून आभार. हॉटेल घेतलंय. तार्रागोनाचं बघतो. माद्रिदच्या संध्याकाळींचा एक प्रश्न: प्रादो आणि रेइना सोफिया ही दोन चित्रसंग्रहालयं एका दिवसात होतील?

माद्रिदची_मीनल
होतील, पण करू नका. प्रादो शेवटचे दोन तास फुकट असतं, सोमवार ते शनिवार सहा ते आठ. रांग लांब दिसते, पटकन सरकते. सगळं बघायचा हट्ट सोडा. व्हेलास्केसचं १६५६ मधलं 'लास मेनिनास', मग गोयाची काळी चित्रं, बस्स. फोटो काढू देत नाहीत, ते उत्तमच. दुसऱ्या दिवशी रेइना सोफिया सात ते नऊ, मंगळवारी बंद. पिकासोचं 'गेर्निका' तिथे आहे. पिकासोच्या अटीमुळे ते स्पेनमध्ये लोकशाही येईपर्यंत न्यूयॉर्कमध्ये राहिलं, १९८१ मध्ये स्पेनला आलं. नऊला बाहेर पडा, तेव्हा जेवायची वेळ झालेली असते. बघा, आपोआप जुळतं.

नाशिकचा_वाटसरू
ग्रानाडाहून लिहितोय, रात्रीचे बारा वाजलेत आणि आम्ही अजून चौकात बसलोय. दुपारी तीन ते साडेपाच झोपायचं हा नियम हिने केला आणि सगळा प्रवासच बदलला. रात्रीचा अलहाम्ब्रा काल झाला. भटक्यासाहेब, कारंज्याचा आवाज खरंच वेगवेगळा येतो. तोडी, सेव्हिलला हिने मात्रा मोजायचा प्रयत्न केला, दहावर येणारा आघात दोनदा पकडला, मला सांगायला वळली तोवर तिसरा निसटला. मोस्तो रोज चालू आहे. इथल्या बारवाल्याने फुकटच्या तापात कोळंबी आणली, नको म्हटल्यावर न बोलता भाजलेल्या मिरच्या आणून ठेवल्या, त्यातली एक जहाल निघाली.

नवखी_प्रवासी
धागा उशिरा वाचला. आम्ही मेमध्ये जायचं म्हणतोय, मुलगा सात वर्षांचा. एवढ्या उशिरापर्यंत त्याला घेऊन फिरणं बरं दिसेल का?

माद्रिदची_मीनल
घेऊनच फिरा, इथे कुणाला वावगं वाटत नाही. दुपारी मात्र झोपवा, आणि एक फुटबॉल जवळ ठेवा. चौकात त्याला पाच मिनिटांत मित्र मिळतील, मग त्याला उठवून हॉटेलवर नेणं हा तुमचा प्रश्न.